वाकड्या काठीचं शीड

खांद्यावर कापडाचा गठ्ठा, पायाला घोट्यापर्यंत चिखल आणि तोंडात शिवी, अशा थाटात वाकड्या घरात घुसला. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. गठ्ठा जमिनीवर आपटला तसा धुरळा उडाला आणि कोपऱ्यात दोऱ्याला मेण लावत बसलेली वहिनी खोकत उठली.

"अहो, घर आहे हे! होड्यांचा धक्का नाही."

"वहिनी, तुमच्याशी भांडायला नाही आलो. मला शीड पाहिजे."

"शिडं गोदामात मिळतात."

"गोदामातल्या शिडांना आग लागो!"

वाकड्या माणूस चांगला ताठ होता. वाकडी होती ती त्याच्या होडीची डोलकाठी. वरचा शेंडा पुढे झुकलेला आणि मधे पोट आलेलं. पण धक्क्यावरच्या लोकांना एवढा फरक करत बसायला वेळ कुठला! काठीचं नाव माणसाला चिकटलं ते चिकटलंच. तसंच वहिनीचं. ती वहिनी एका धाकट्या दिराची, पण तो लहानपणापासून 'वहिनी, वहिनी' करत तिच्या मागे फिरला, आणि सगळा धक्काच तिला वहिनी म्हणायला लागला.

इंजिनांना तेल परवडेना तेव्हा जुन्या काठ्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. दगड घेऊन पलीकडच्या काठाला जाणाऱ्या सगळ्या होड्या आता शिडावर चालत, आणि ती शिडं गोदामवाला शेठ विकत असे. शिवायचे मात्र वहिनीचा नवरा आणि दीर, हे दोघे भाऊ. थोरला बेतायचा, धाकटा शिवायचा, शेठ वर आपला काळा शिक्का मारायचा. सगळ्या होड्यांना एकच माप. सगळ्या पोरांना एकाच मापाचा सदरा घालावा, तसं. कुणाला घट्ट, कुणाला ढगळ, आणि वाकड्यासारख्याच्या गळ्याला फास.

गेल्या हंगामात तेच झालं होतं. भर पाण्यात वारा सुटला, शीड काठीवर वेडंवाकडं ताणलं गेलं, होडी आडवी झाली. सुकाणूचा दांडा गर्रकन फिरून वाकड्याच्या बरगड्यांत बसला. त्याचा मेहुणा पाण्यात गेला तो गेलाच. बायको तेव्हापासून वाकड्याशी बोलत नव्हती.

धक्क्यावर सगळ्यांनी गोदामाला शिव्या घातल्या. कारण शिक्का गोदामाचा. थोरला मात्र ती बातमी ऐकून भिंतीकडे तोंड करून पडला होता. ताट पुढे केलं तर म्हणाला, "शीड मी बेतलंय ते." एवढंच. तेवढ्यावर वहिनी काय ते समजली.

आता बाकाशी बेतत बसलेल्या थोरल्यानं कात्री खाली ठेवली.

"तुझ्या काठीला तयार शीड लावणारा गाढव म्हणायचा," तो वाकड्याला म्हणाला.

"लावलं मी. शिवलं तू. दोन गाढवं झाली," वाकड्या म्हणाला. "आता माझ्या काठीला माझं शीड शिवतोस का नाही ते बोल. बायकोच्या गळ्यातलं विकून कापड आणलंय. वारा सुटायच्या आत पाहिजे."

"दादा, आधी शेठला विचार," धाकटा बाकावरून म्हणाला.

"शेठला काय विचारायचं? हात माझे आहेत."

"पोट त्याच्यावर आहे."

"शिवतो," थोरला वाकड्याला म्हणाला. धाकट्यानं दाभण कापडात अशी खुपसली की वहिनीला वाटलं, हा आता स्वतःच्या मांडीत घालून घेणार.

*

माप घ्यायला थोरला स्वतः होडीवर गेला. धाकटा आला नाही, पोटात दुखतंय म्हणाला. मग दोरीचं दुसरं टोक धरायला वहिनी गेली.

"लटक," थोरला वाकड्याला म्हणाला.

"काय?"

"शेंड्याच्या दोराला लटक. काठी वाऱ्यात कशी वाकते ते बघायचंय मला. नुसती उभी काठी बघून काय करू?"

वाकड्या दोराला लोंबकळला. काठी करकरली आणि पोट पुढे काढून वाकली. धक्क्यावर हमाल जमले. एक जण ओरडला, "वहिनी, फासावर चढवलात की काय त्याला?" दुसरा म्हणाला, "थांबा, जीभ बाहेर येऊ दे!" सगळे खिदळले. वाकड्या वरून शिव्या देत होता. थोरल्याचं कुणाकडे लक्ष नव्हतं. त्यानं शेंड्यापासून बुडापर्यंत दोरी ताणली, काठी दोरीपासून जिथे जिथे सुटली तिथे तिथे वितीनं मोजलं.

"गाठ मार. इथे. घट्ट. आता इथे."

उन्हानं दोरी तापली होती. वहिनीच्या तळहाताची सालटी निघाली. पण नवरा शीळ घालत होता, हे तिनं लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. तिला फार बरं वाटलं.

"मधे हातभर पोट आहे," तो म्हणाला. "तेवढंच शिडाला द्यायचं. काठीकडची कड गोल बेतायची. मग बघ, कशी अंगावर बसते."

*

हमाल हसून घरी जात नाहीत, ते गोदामात जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ दारात उभा. मागे त्याचा हमाल, ज्याला सगळे बैल म्हणत. मान खांद्यात रुतलेली आणि खांद्याला गोणी ओढायचा लोखंडी आकडा.

"या शेठ, बसा," धाकट्यानं लगबगीनं बाक पुसला.

शेठ बसला नाही. जमिनीवर वाकड्याचं कापड पसरलं होतं, त्यावर तो बुटासकट उभा राहिला.

"छान कापड आहे. कुणाचं?"

"गिऱ्हाइकाचं," थोरला म्हणाला.

"गिऱ्हाईक माझं असतं. तुझे नुसते हात."

"पाय काढा कापडावरून."

शेठनं पाय उचलला, बुटाचा तळ बघितला आणि तो कापडालाच पुसला, सावकाश, एकदा इकडून, एकदा तिकडून. थोरल्यानं झेप घालून त्याची गचांडी धरली. पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. बैलानं मागून थोरल्याचे केस धरले आणि तोंड बाकाच्या कडेवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. दात तुटल्याचा आवाज वहिनीनं ऐकला. ती धावली, तर बैलानं कोपरानं तिला भिंतीवर ढकललं.

"शेठ, सोडा हो! शेठ, मी समजावतो त्याला, मी समजावतो!" धाकटा हात जोडून उभा होता.

बैलानं सोडलं. मग गोदामाची अर्धवट शिवलेली शिडं त्यानं बाकावरून ओरबाडली. एकात सुई तशीच होती, दोरा लांब ओढला गेला आणि तुटला. शेठ जाताना धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्यावर राग नाही. कधीही ये."

थोरला ओंजळीत रक्त थुंकला. त्यात दात होता. तो दाताकडे बघत नव्हता, भावाकडे बघत होता.

"समजावतोस होय मला?" तो म्हणाला. "समजाव."

त्यानंतर दोघांचं बोलणंच बंद झालं. वीतभर अंतरावर बसायचे, आणि मधे वहिनी.

"त्याला म्हणावं, मेण दे."

"मेण हाताशी आहे म्हणावं, डोळे असतील तर."

"अरे, मी काय तुमचा पोपट आहे?" वहिनी कातावून म्हणायची. "एका आईचं दूध प्यायलात ना रे दोघं?"

पण धाकटा गोदामात गेला नाही, हेही खरं. शिवायला बसला. वहिनीनं त्याला दरडावलं होतं, "जेवायचं इथे आणि शिवायचं तिथे, हे चालायचं नाही." ती या घरात आली तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता. तापात तिच्या मांडीवर झोपलेला. तिचा शब्द तो मोडत नसे.

*

थोरल्यानं दोरीच्या गाठी कापडावर मांडल्या, निळ्या खडूनं रेघ ओढली आणि कात्री चालवली. काठीकडची कड गोल, भरदार निघाली. मग वाकड्यानं निरोप पाठवला की काठीच्या बुडाचं कडं बदललंय, येऊन बघून जा. थोरला दोरी घेऊन निघाला. दारात थांबला, त्या गोल कडेबद्दल काहीतरी सांगावं असं त्याच्या मनात आलं असावं. वहिनी त्या वेळी मागे पाणी भरत होती. बोलायचं तर धाकट्याशीच बोलायला हवं होतं. तो तसाच गेला.

आता धाकट्याचं काम काय? गोदामाच्या शिडाला थोरला नेहमी कडेला थोडं जास्तीचं कापड सोडायचा, आणि शिवण्याआधी धाकटा ती कड सरळ करून घ्यायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यानं तेच केलेलं. कापड समोर आलं, कड फुगीर दिसली, की हात आपोआप कात्रीकडे जाणार. तसाच गेला. सुतासारखी सरळ रेघ मारली आणि पोटाचा सगळा गोलवा त्यानं कापून काढला. पट्टीचे तुकडे केले. एका तुकड्यानं बाकावरचं तेल पुसलं. वहिनी घागर घेऊन आत आली तेव्हा कात्री चाललेली तिनं पाहिली. कुठली कड ते तिला दिसलं नाही. रोजचंच काम, तिला काय वेगळं वाटणार?

थोरला आला. दारातच थबकला.

शीड जमिनीवर पसरलेलं, काठीकडची कड सरळसोट, आणि धाकटा खाली मान घालून तिच्यावर टाके घालतोय. खुंटीवरचा जाड दोर थोरल्यानं काढला आणि भावाच्या पाठीवर घातला. सदरा फाटला. दुसरा मानेवर. तिसरा कानावर, तिथून रक्त आलं.

"अहो! अहो, मेला तो!" वहिनी मधे पडली, तिच्याही दंडावर एक बसला.

"मुद्दाम केलंस! शेठचा कुत्रा! मुद्दाम!"

"काय केलं मी? काय केलं?" धाकटा बाकाखाली घुसत ओरडत होता. "सांग तरी, काय केलं?"

"आणखी एक माणूस मारायचाय तुला? एक मेला तो पुरला नाही?"

थोरल्यानं त्याला पायाला धरून बाहेर ओढलं आणि पोटात लाथ घातली. धाकट्याला ओकारी आली. ओकत, चाचपडत त्याचा हात मोगरीवर पडला. जाड शिवण ठोकून बसवायची ती लाकडी मोगरी, शेरभर वजनाची. थोरला पुन्हा वाकला होता, उजवा हात बाकाच्या फळीवर टेकून, डाव्यानं दोर उगारून. धाकट्यानं न बघता मोगरी फिरवली.

ती फळीवर पडली नाही. फळीवर हात होता.

थोरल्याच्या तोंडून माणसाचा आवाज निघाला नाही. तो गुडघ्यावर बसला आणि हात छातीशी धरून डुलायला लागला. बोटं चार दिशांना गेली होती. धाकट्यानं मोगरी टाकली, हाताकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं.

"वहिनी, मी..."

"चालता हो!" वहिनी किंचाळली. "तोंड नको दाखवूस!"

तो कानातून रक्त गळत तसाच पळाला. जाणार कुठे? गोदाम.

*

हाड बसवणाऱ्यानं फळकुटं बांधली आणि सांगितलं, हात हलेल, पण सुई धरणार नाही. थोरला छताकडे बघत पडून राहिला. वाकड्या आला तेव्हाही उठला नाही.

वाकड्यानं कापड पाहिलं आणि थोरल्याला गळ्याला धरून बसतं केलं.

"माझं कापड! अरे, माझ्या बायकोचं... वारा आलाय दारात! सगळ्या होड्या निघतील, आणि माझी काय चिखलात कुजू दे?"

"त्यांचा हात बघा आधी!" वहिनीनं वाकड्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"हात नका दाखवू मला! मेहुणा दाखवू का मी तुम्हाला? आणू बाहेर काढून?" वाकड्या ओरडला, आणि मग मोठा माणूस भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

मग थोरला बोलला. "तुझं फाटकं शीड आहे ना? गोदामाचं. घेऊन ये. त्यातली चंद्रकोर कापायची आणि या कडेला जोडायची. दुहेरी शिवण, आत दोर. जुनं कापड ताणून झालंय, आता ताणणार नाही. होईल."

"शिवणार कोण?"

वहिनी म्हणाली, "मी."

तिनं आजवर पिशव्या शिवल्या होत्या, दोऱ्याला मेण लावलं होतं. दाभण तिला कुणी धरू दिली नव्हती. चामड्याची पट्टी तळहातावर बांधून ती बसली. चार पदरी कापड आणि आत दोर. दाभण अर्धी जायची आणि अडायची. मग ती सगळं अंग त्यावर घालायची. दोनदा निसटून डाव्या अंगठ्यात घुसली, एकदा नखाखालून आरपार. कापडावर तांबडे ठिपके पडत गेले. संध्याकाळपर्यंत हातभर शिवण झाली. थोरला उठला, त्यानं डाव्या हातानं दोन्ही पदर धरून एक हिसका दिला. शिवण टरकन उसवली.

"पहिल्याच वाऱ्यात जाईल," तो म्हणाला.

वहिनीला त्याचा असा राग आला की दाभण त्याच्या डोळ्यात घालावी. दिवसभराचं रक्त! पण तो खोटं बोलत नव्हता. त्या शिवणीखाली माणूस बसायचा होता.

"तुमचं शीड, तुमचा भाऊ, तुमची मारामारी," ती म्हणाली. "आणि बोटं माझी!" पट्टी न सोडता, दाभण मुठीत तशीच धरून, ती घराबाहेर पडली.

*

गोदामात दिवे लागले होते. बाकांची रांग, शिवणारी माणसं, आणि शेवटच्या बाकावर धाकटा, कानाला फडकं बांधलेला. बैल दारातच उभा होता.

"बायकांना आत मज्जाव आहे."

"मी बाई म्हणून नाही आले. दिराला न्यायला आले. सर."

"शेठला विचारल्याशिवाय..."

"तुझ्या शेठला विचारते मी! सर म्हणते ना!"

बैलानं तिच्या छातीवर पंजा ठेवून ढकललं. ती गिरकी खाऊन पायरीवर पालथी पडली, हनुवटी फुटली. आत माणसं हसली. त्या हसण्यानंच बहुतेक, ती उठली ती सरळ त्याच्या अंगावर गेली. तळहाताच्या चामड्यावर दाभण टेकवली आणि दिवसभर जसं कापडात घातलं होतं तसं सगळं अंग लावून त्याच्या मांडीत घातली. या वेळी अडली नाही. बैल हंबरला आणि बसला. त्याचा आकडा घरंगळत पायऱ्यांवरून गेला.

गोदामात एकही सुई हलेना.

वहिनी रांगेतून चालत गेली. हनुवटीचं रक्त गळ्यावरून पोलक्यात उतरत होतं. धाकट्यासमोर उभी राहून तिनं त्याच्या दुखऱ्या कानाखालीच काडकन वाजवली.

"ऊठ."

"वहिनी, दादा मारून टाकेल मला."

"मारू दे. शीड शिव आणि मग मर."

शेठ माडीवरून ओरडत होता, "गेलास तर परत पाय ठेवू देणार नाही!" धाकट्यानं वर बघितलं, वहिनीकडे बघितलं, आणि उठला.

*

शिवणकाम पुढचा दिवसभर चाललं. धाकटा शिवत होता आणि थोरला समोर बसून बघत होता. टाका चुकला की थोरला पायानं कापड ढोसायचा. धाकटा उसवून पुन्हा घालायचा. शब्द नाही. वहिनीनं दोघांना भाकरी दिली, दोघांनी दोन भिंतींकडे तोंडं करून खाल्ली. शिवण झाली तेव्हा थोरल्यानं डाव्या हातानं हिसका दिला. मग उठून, पाय रोवून, दातात धरून दिला. शिवण हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि वाकड्यानं शीड चढवलं. पांढऱ्या कापडाला मळकी चंद्रकोर, वर शेठच्या शिक्क्याचा अर्धा काळा तुकडा, मधे वहिनीच्या रक्ताचे ठिपके. असलं ध्यान धक्क्यानं कधी पाहिलं नव्हतं. हमालांनी तोंडं उघडली हसायला. तेवढ्यात वारा भरला, काठी पोट काढून वाकली, आणि शीड त्या पोटावर मापात बसलं. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. होडी सरळ निघाली. गोदामाच्या शिडांच्या दोन होड्या तिच्या मागे धडपडत होत्या, आणि त्यांतल्या एकीचं शीड भर पाण्यात उभं फाटलं.

वाकड्या परत आला तो ओला, बेभान. "एका बोटानं! अरे, सुकाणू एका बोटानं धरलं मी!" त्यानं थोरल्याला कवेत घेतलं, तो हात दुखून ओरडला तेव्हा सोडलं. फाटक्या शिडाचा मालक मागे उभाच होता. म्हणाला, "माझ्या होडीचं माप घेता का? माझी रुंद आहे. कापड मी आणतो."

"बघू," थोरला म्हणाला आणि घराकडे वळला.

*

उजेड होता अजून. धाकटा आपले कपडे एका फडक्यात बांधत होता. थोरला बाकावर बसला आणि त्याच्याकडे न बघता फळी चाचपत राहिला. वहिनीला सगळं स्वच्छ दिसत होतं. हा एकदा गेला की गेला. शेठ आज शिव्या देईल, उद्या बोलावून घेईल. याच्याशिवाय शीड नाही. आणि 'राहा' म्हणायची नवऱ्याची जीभ या जन्मात उचलायची नाही.

धाकटा दारापर्यंत गेला. मग गाठोडं टाकून परत आला. खुंटीवरची मोगरी काढून त्यानं थोरल्यासमोर फळीवर ठेवली. तिच्याशेजारी आपला उजवा हात ठेवला, पंजा पसरून.

"मार," तो म्हणाला. "मला जगवत नाही असं. फेडून घे."

"वेडा आहेस का रे? काढ तो हात!" वहिनी म्हणाली. "अहो, तुम्ही तरी... अहो, ठेवा ती खाली!"

थोरल्यानं डाव्या हातात मोगरी घेतली होती. तो भावाच्या हाताकडे बघत बसला. बापाचा हात तसाच होता, आखूड बोटांचा. बाहेर वाऱ्यानं कौलं खडखडत होती. धाकट्यानं डोळे मिटले होते.

"उजवा काढ," थोरला म्हणाला.

इतक्या दिवसांत भावाशी बोललेला पहिला शांत शब्द. धाकट्याला हुंदका फुटला. त्यानं हात काढून घेतला आणि लहान पोरासारखा त्याच हातानं तोंड झाकून रडायला लागला. वहिनीचेही डोळे भरून आले. सुटलो, असं तिला वाटलं.

"डावा ठेव," थोरला म्हणाला.

धाकट्यानं तोंडावरचा हात काढला. भावाकडे पाहिलं. मग हळूच डावा पंजा फळीवर ठेवला.

डाव्या हातानं मारायची थोरल्याला सवय नव्हती. पहिला घाव नुसता बोटांच्या टोकांवर पडला. धाकटा कळवळला, पण त्यानं हात हलवला नाही. दुसरा बरोबर बसला. तोच आवाज, जो या खोलीनं आधी एकदा ऐकला होता. वहिनीनं तोच जाड दोर उचलला आणि मिळेल तिथे, मिळेल त्याला, दोघांना झोडपलं, हात भरून येईपर्यंत.

"मेल्यांनो! राक्षसांनो! मी कशासाठी माणूस भोसकला? कशासाठी? तोडा, सगळे हात तोडा! माझेही तोडा!"

दोघांपैकी कुणी तिला अडवलं नाही. ती दमली, खाली बसली. थोरल्यानं मोगरी खुंटीला लावली आणि खाली मान घालून म्हणाला, "उजवा त्याचा आहे, डावा माझा. आता शेठ त्याला नेऊन काय करील?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. हाच का तो शीळ घालणारा? तिला त्याची इतकी किळस आली की ती उठून बाहेर जाऊन बसली. धाकट्याचं कण्हणं तिथपर्यंत येत होतं.

हाड बसवणारा आला, फळकुटं बांधून गेला. काही दिवसांनी धाकट्याची सूज उतरली तेव्हा रुंद होडीवाला कापड टाकून गेला होता. सकाळी थोरला एका बाजूनं बाकावर बसला. धाकटा थोडा वेळ उभा राहिला आणि त्याच्या शेजारी येऊन बसला, खांद्याला खांदा लावून, कारण त्याशिवाय जमणारच नव्हतं. थोरल्यानं डाव्या हातानं कापडाचे पदर धरले. धाकट्यानं उजव्या हातानं दाभण घातली. दोरा ओवून द्यायला वहिनी होती. तिनं ओवून दिला, पण दोघांपैकी कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही.

पहिला टाका तिरका गेला.

"उसव," थोरला म्हणाला.

"तू घट्ट धर आधी," धाकटा म्हणाला, आणि उसवायला लागला.